वेलांटी चुकलेली यादी आणि सेड: टर्मिनलमधून मजकूर दुरुस्त करताना

माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. दर महिन्याला त्यांच्याकडून भावयादीची फाइल येते, साधी टेक्स्ट फाइल, अकराशेच्या आसपास ओळी. टाइप करणारे तिघे: मामा, मामेबहीण आणि गल्ल्यावर बसणारा मुलगा. मामा ‘किलो’ लिहितात, मुलगा ‘कीलो’ लिहितो. बहीण आकडे देवनागरीत टाकते, बाकीचे दोघे 0 ते 9 वापरतात. ओळींच्या शेवटी मोकळ्या जागा सांडलेल्या असतात.

एकदाच करायचं असेल तर हे काम एडिटरमध्ये ‘शोधा आणि बदला’ वापरून होतं. पण त्याच चुका दर महिन्याला येतात, आणि दर महिन्याला त्याच बारा बदल्या हाताने करायचा कंटाळा येतो. इथे सेड कामाला येतो, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारा प्रोग्राम. दुरुस्त्या एकदा लिहून ठेवायच्या आणि फाइल आली की तिच्यावरून फिरवायच्या.

सेड म्हणजे स्ट्रीम एडिटर. बेल लॅब्समध्ये ली मॅकमहॉन यांनी 1973-74 च्या सुमारास तो लिहिला आणि युनिक्स या कार्यप्रणालीच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीबरोबर तो सगळीकडे पोहोचला. त्याच्या आधी केन थॉम्प्सन यांचा ‘ईडी’ नावाचा एडिटर होता. सेडची एकाक्षरी भाषा तिथूनच आली आहे. ईडीमध्ये माणूस समोर बसून एकेक आज्ञा द्यायचा. सेडला आज्ञा आधीच द्यायच्या, मग तो फाइलमधली एक ओळ उचलतो, तिच्यावर सगळ्या आज्ञा चालवतो, ती बाहेर टाकतो आणि पुढची उचलतो. फाइल पन्नास ओळींची असो की पन्नास लाखांची, त्याच्या हातात एका वेळी एकच ओळ असते. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं बरंच सोपं जातं.

कमांड वाचायच्या कशा

फोनवर कुणाला कमांड सांगताना आपण अक्षरांची नावं घेतो: ‘एस, मग तिरकी रेघ’. या लेखात मी तसंच केलं आहे. ‘सेड’ दिसलं की रोमन लिपीतली एस, ई, डी ही तीन लहान अक्षरं टाइप करा. एस, पी, डी, जी, क्यू, वाय, एन, आय, ई, एफ, एल यांतलं कुठलंही नाव कमांडमध्ये दिसलं की ते एकच रोमन अक्षर टाइप करा, आणि तेही लहान. अपवाद मोठ्या ‘ई’चा, तो आला की सांगेन. बाकी सगळं, म्हणजे रेघा, कंस, मराठी शब्द, फाइलचं नाव, दिसतं तसंच टाइप करायचं. फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं तरी लिनक्स आणि मॅक दोघांनाही चालतं.

लिनक्स आणि मॅकवर सेड आधीपासून असतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल किंवा गिट बॅश घ्या, त्यांत या कमांड चालतात. लिनक्सवरचा सेड सहसा ग्नू प्रकल्पाचा असतो आणि मॅकवरचा बीएसडी या युनिक्सच्या शाखेचा. दोघे सख्खे भाऊ नाहीत, चुलत आहेत. फरक कुठे नडतो ते त्या त्या जागी येईल.

सरावासाठी कुठल्याही साध्या एडिटरमध्ये ‘यादी’ नावाची फाइल करा आणि तिच्यात या आठ ओळी टाका. भाव मी मनचे घातले आहेत, घासाघीस करू नका.

    गहू,किलो,34
    साखर,कीलो,45
    वाल,किलो,१६०
    वालाची डाळ,किलो,180
    तांदूळ (आंबेमोहोर),कीलो,95 (कट्टा 2350)
    तांदळाचं पीठ,किलो,60
    खोबऱ्याचं तेल,लिटर,320
    गोडेतेल,लि.,150

पहिली बदली

    सेड 'एस/कीलो/किलो/' यादी

‘एस’ म्हणजे बदल. पहिल्या दोन रेघांमध्ये काय शोधायचं, दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेमध्ये त्याच्या जागी काय घालायचं. एंटर मारा. साखर आणि तांदूळ या ओळींतली वेलांटी सुधारलेली दिसेल. आता फाइल उघडून पाहा: काहीही बदललेलं नाही. सेडने दुरुस्त मजकूर पडद्यावर ओतला, मूळ फाइलला हात लावला नाही. नवशिक्याला हे आधी विचित्र वाटतं, पण हीच त्याची सगळ्यात चांगली सवय आहे. हवं तितक्या वेळा चुका, यादी शाबूत राहते.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. आज्ञेभोवतीचं एकेरी अवतरणचिन्ह सरळ हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कमांड चिकटवली तर ते वाकडं होऊन येतं, मग काहीच चालत नाही आणि कारणही दिसत नाही. आणि शेवटची तिसरी रेघ विसरलात तर सेड ‘अनटर्मिनेटेड’ असं काहीतरी कुरकुरतो. त्याचा अर्थ एवढाच, की रेघ द्या.

एका ओळीत ‘कीलो’ दोनदा असेल तर वरच्या कमांडने फक्त पहिला बदलेल. सगळे बदलायचे तर शेवटी जी लावा: 'एस/कीलो/किलो/जी'. शोधायच्या मजकुरातच तिरकी रेघ असेल, म्हणजे समजा ‘1/2’ ऐवजी ‘½’ हवा असेल, तर सेडचा गोंधळ उडतो. तेव्हा रेघेऐवजी दुसरं चिन्ह वापरा: 'एस#1/2#½#'. एसच्या लगेच पुढे जे चिन्ह येईल त्यालाच तो कुंपण मानतो.

आधी पाहायचं

अकराशे ओळींच्या यादीत काय बदललं हे पडद्यावरून धावणाऱ्या मजकुरात कळत नाही. त्यासाठी हे:

    सेड -एन 'एस/कीलो/किलो/पी' यादी

‘-एन’ म्हणजे आपणहून काही छापू नकोस. शेवटचा ‘पी’ म्हणजे जिथे बदल झाला ती ओळ छाप. दोन्ही मिळून फक्त बदललेल्या ओळी दिसतात. ‘-एन’ विसरलात तर बदललेली प्रत्येक ओळ दोनदा येते. सगळ्यांचं एकदा होतं.

नुसतं शोधायचं असेल तर:

    सेड -एन '/तेल/पी' यादी

इथे बदल नाही, फक्त ‘तेल’ असलेल्या ओळी. आज्ञेच्या आधी लिहिलेली अशी खूण म्हणजे ओळीचा पत्ता. पत्ता आकड्यातही देता येतो: '3क्यू' म्हणजे तिसऱ्या ओळीनंतर थांब, '5,7डी' म्हणजे पाच ते सात ओळी गाळ, '$डी' म्हणजे शेवटची गाळ. '/^$/डी' रिकाम्या ओळी काढतं, कारण ^ म्हणजे ओळीची सुरुवात आणि $ म्हणजे शेवट, आणि दोघांच्या मध्ये काही नाही. पत्ता आणि बदल एकत्रही चालतात. ‘तेल’ असलेल्या ओळीतच बदल हवा असेल तर एसच्या आधी /तेल/ लिहायचं.

मराठी इथे अडते

बहुतेक मार्गदर्शकांतली उदाहरणं इंग्रजी शब्दांची असतात, त्यामुळे पुढचं सहसा कुणी सांगत नाही. मामांचं म्हणणं, वालांना यादीत ‘पावटा’ म्हणायचं. (वाल आणि पावटा एकच की वेगळे, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी दुकानात जाऊन घालावा.) मी लिहिलं:

    सेड 'एस/वाल/पावटा/जी' यादी

तिसरी ओळ झाली ‘पावटा,किलो,१६०’. चौथी झाली ‘पावटााची डाळ’. दोन काने! कारण आपल्याला ‘वालाची’ हा एक शब्द दिसतो, सेडला व, काना, ल, काना, च, वेलांटी अशी सुटी चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार ही स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘मराठी’ हा शब्द सेडच्या लेखी पाच चिन्हांचा आहे: म, र, काना, ठ, वेलांटी. ‘वाल’च्या पुढे काना आहे म्हणजे शब्द अजून संपला नाही, हे त्याला कळायचं कारण नाही.

उलटही घडतं. ‘तांदूळ’ शोधलात तर ‘तांदळाचं पीठ’ सापडत नाही, कारण सामान्यरूप होताना उकार गळून पडतो. मराठी विभक्ती शब्दाच्या पोटात शिरते. म्हणून मराठी मजकुरात उघडा शब्द बदलायचा नाही, त्याला दोन्ही बाजूंनी बांधायचा:

    सेड 'एस/^वाल,/पावटा,/' यादी

ओळीच्या सुरुवातीला ‘वाल’ आणि लगेच स्वल्पविराम, एवढंच. डाळीची ओळ वेगळी: 'एस/^वालाची /पावट्याची /'. व्याकरण तुमचं, मजुरी सेडची.

टिंबाचा फटका

शेवटच्या ओळीत ‘लि.’ आहे, ते ‘लिटर’ करायचं आहे.

    सेड 'एस/लि./लिटर/' यादी

गोडेतेल सुधारलं. खोबऱ्याच्या तेलासमोर मात्र ‘लिटरर’ आलं. सेडच्या भाषेत शोधायच्या मजकुरातलं टिंब म्हणजे ‘कुठलंही एक चिन्ह’. ‘लिटर’मधल्या ‘लिट’ला त्याने ‘लि.’ समजून ‘लिटर’ केलं आणि उरलेला र मागे राहिला. खरंखुरं टिंब हवं असेल तर त्याच्या आधी उलटी रेघ द्या:

    सेड 'एस/,लि\.,/,लिटर,/' यादी

हाच नियम तारका, चौकटी कंस, ^ आणि $ यांना. बदलून घालायच्या बाजूला मात्र टिंब टिंबच असतं. तिथे फक्त उलटी रेघ, कुंपणाचं चिन्ह आणि & यांना जपायचं.

तारका म्हणजे ‘आधीचं चिन्ह शून्य किंवा अधिक वेळा’. टिंबापुढे तारका लावली की ‘काहीही, कितीही’ होतं, आणि हा प्राणी खादाड आहे. तांदळाच्या ओळीतले कंस काढायला मी 'एस/(.*)//' दिलं, तर पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंतचं सगळं गेलं. किलो गेला, पंचाण्णव रुपये गेले, उरला नुसता ‘तांदूळ’. तो शक्य तितकं लांब खातो. त्याला अडवायला ‘बंद कंस सोडून काहीही’ असं सांगावं लागतं:

    सेड 'एस/ *([^)]*)//जी' यादी

[^)] म्हणजे ‘) नसलेलं कुठलंही चिन्ह’. सुरुवातीची ती मोकळी जागा आणि तारका अशासाठी, की कंसाआधीची जागाही जावी. आता ‘तांदूळ,कीलो,95’ मिळतं. हा चौकटी कंसाचा प्रकार समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तुम्हालाही वेळ लागला तर तो वाया गेला असं समजू नका, सेडमधलं अर्धं काम याच्यावरच चालतं.

आकडे

    सेड 'वाय/०१२३४५६७८९/0123456789/' यादी

‘वाय’ शब्द नाही, चिन्हं बदलतो: डावीकडचं पहिलं चिन्ह उजवीकडच्या पहिल्याने, दुसरं दुसऱ्याने. दोन्हीकडची संख्या सारखी हवी. वालाचे १६० झाले 160. छापायची प्रत देवनागरी आकड्यांत हवी असेल तर दोन्ही बाजू उलट करा. तो ओळीतले सगळे आकडे बदलतो, ठरावीक रकाना निवडू शकत नाही. यादीत फोन नंबर असतील तर हे लक्षात असू द्या.

कधी हीच कमांड ‘दोन्हीकडची लांबी वेगळी’ अशा अर्थाची तक्रार करते. दहाला दहा मोजून घातलेले असतात, तरी. तेव्हा टर्मिनलचं लोकेल, म्हणजे भाषा आणि चिन्हांची सेटिंग, यूटीएफ-8 नसतं. मग सेड चिन्हं न मोजता बाइट मोजतो, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं असतं. दहा विरुद्ध तीस. टर्मिनलमध्ये ‘लोकेल’ (locale) ही कमांड रोमनमध्ये देऊन यूटीएफ-8 दिसतंय का ते पाहा. स्वस्तातल्या सर्व्हरवर किंवा रात्री आपोआप चालणाऱ्या कामांत हे हमखास निघतं.

आकडे एकसारखे झाल्यावर भावाआधी रुपयाचं चिन्ह:

    सेड 'एस/[0-9][0-9]*$/₹&/' यादी

& म्हणजे ‘जे सापडलं ते जसंच्या तसं’. 34 चे ₹34 होतात. तांदळाची ओळ सुटते, कारण ती आकड्यावर संपत नाही, कंसावर संपते. म्हणून कंस आधी काढायचे. वाल सुटू नये म्हणून ‘वाय’सुद्धा आधी. आज्ञांचा क्रम असा कामातूनच ठरतो.

रकाने अदलाबदल करायचे, भाव मध्ये आणि माप शेवटी, तर:

    सेड -ई 'एस/^([^,]*),([^,]*),(.*)$/\1,\3,\2/' यादी

हीच ती मोठी रोमन ‘ई’. ती दिली की गोल कंस मजकुरातले कंस राहत नाहीत, पेट्या होतात. पहिल्या पेटीत नाव, दुसऱ्या पेटीत माप, तिसऱ्या पेटीत भाव, मग \1, \3, \2 असं हव्या त्या क्रमाने काढायचं. ‘-ई’ नसताना गोल कंस साधेच असतात, म्हणूनच मघाशी कंस काढताना ती दिली नव्हती.

न दिसणारा कचरा

‘खोबऱ्याचं’ शोधता, डोळ्यासमोर आहे, सेड म्हणतो नाही. हा भुताटकीचा प्रकार नाही. ऱ तीन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे एकच चिन्ह, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब), किंवा जोडाक्षरात अर्धा असेल तर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर बहुधा तिन्ही सारखेच दिसतात. कोणता कीबोर्ड काय टाकतो यावर सगळं अवलंबून. सेडला ते तीन वेगळे मजकूर. फाइलमध्ये खरं काय आहे ते असं दिसतं:

    सेड -एन '7एल' यादी

लिनक्सवर सातवी ओळ आकड्यांच्या तिकड्यांत उलगडते. \340\244\261 दिसलं तर सुटा ऱ आहे. \340\244\260 आणि मागोमाग \340\244\274 दिसलं तर र आणि नुक्ता. \342\200\215 दिसलं तर ते अदृश्य जोडचिन्ह. मग बदल सोपा: डाव्या बाजूला फाइलमधलंच अक्षर कॉपी करून चिकटवा, उजवीकडे सुटा ऱ (डावीकडे हलन्त आणि जोडचिन्ह असेल तर त्यापुढे हलन्तही). कमांड वाचणाऱ्याला वाटेल की ऱ च्या जागी ऱ घालतोय, वेडा आहे. वाटू द्या.

याच ‘एल’ने ओळीच्या शेवटी, $ च्या आधी, उलटी रेघ आणि आर दिसला तर फाइल विंडोजवरून आली आहे. त्या अदृश्य चिन्हामुळे $ वापरलेल्या बऱ्याच कमांड फसतात, वरची रुपयाची धरून. शेवटच्या मोकळ्या जागा आणि हे चिन्ह दोन्ही एका फटक्यात जातात:

    सेड 'एस/[[:स्पेस:]]*$//' यादी

‘स्पेस’ हा शब्द रोमनमध्ये लिहायचा. ही आज्ञा मी नेहमी सगळ्यांत आधी चालवतो.

आता फाइलमध्ये उतरवायचं

पडद्यावरचं नव्या फाइलमध्ये न्यायला > वापरतात:

    सेड 'एस/कीलो/किलो/जी' यादी > नवी

उजवीकडे पुन्हा ‘यादी’ लिहू नका. कधीच नका. सेड सुरू व्हायच्या आधीच शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, उजवीकडची फाइल रिकामी करतो, सेड वाचायला जातो तर आत काही नाही. मी हे केलं आहे, अकराशे ओळींवर. ‘मामा, यादी परत पाठवता का?’ ‘का रे, काल तर पाठवली!’ पुढचं संभाषण लिहिण्यासारखं नाही.

जागच्या जागी बदल करायला ‘-आय’ आहे. तो असा वापरा:

    सेड -आय.जुनी 'एस/कीलो/किलो/जी' यादी

‘-आय’ला चिकटून, जागा न सोडता, शेपूट द्यायचं. मूळ प्रत ‘यादी.जुनी’ नावाने राहते आणि ‘यादी’ बदलते. ही पद्धत लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे चालते. नुसतं ‘-आय’ लिनक्सवर प्रत न ठेवता बदलून मोकळं होतं, आणि मॅकवर पुढच्या आज्ञेलाच शेपूट समजून भलताच गोंधळ घालतं. एक सावधगिरी: हीच कमांड दुसऱ्यांदा चालवली की ‘यादी.जुनी’वर नवी प्रत बसते, खरी मूळ प्रत गेली. म्हणून महिन्याची फाइल आली की आधी तिची प्रत बाजूला ठेवायची, मग खेळायचं.

बदल करण्याआधी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहायचे असतील तर सेडचा मजकूर उभ्या रेघेने ‘डिफ’ (diff) या फरक दाखवणाऱ्या कमांडकडे वळवा. डिफही रोमनमध्येच लिहायचं, आणि शेवटची आडवी रेघ विसरायची नाही:

    सेड 'एस/कीलो/किलो/जी' यादी | डिफ यादी -

दुरुस्त्यांची वही

बारा आज्ञा दर वेळी टाइप करत बसायचं नाही. ‘दुरुस्ती’ नावाची फाइल करा, एका ओळीवर एक आज्ञा, अवतरणचिन्हांशिवाय. # ने सुरू होणारी ओळ सेड सोडून देतो, तिथे मराठीत टिपण लिहा. माझी वही साधारण अशी आहे:

    # आधी शेवटचा कचरा
    एस/[[:स्पेस:]]*$//
    /^$/डी
    # बहिणीचे आकडे
    वाय/०१२३४५६७८९/0123456789/
    # कट्ट्याचे भाव वेगळ्या यादीत जातात
    एस/ *([^)]*)//जी
    # मुलाची वेलांटी
    एस/,कीलो,/,किलो,/
    एस/,लि\.,/,लिटर,/
    # मामांचा हट्ट
    एस/^वाल,/पावटा,/
    एस/^वालाची /पावट्याची /
    # भाव
    एस/[0-9][0-9]*$/₹&/

चालवायची अशी:

    सेड -एफ दुरुस्ती यादी > नवी

आठ ओळींच्या सरावावर हे चालवलंत तर तांदूळ ‘तांदूळ,किलो,₹95’ असा आणि चौथी ओळ ‘पावट्याची डाळ,किलो,₹180’ अशी यायला हवी. तशी आली नाही तर कुठल्या आज्ञेने घोळ केला ते शोधायला वहीतल्या ओळींपुढे # टाकून एकेक बंद करत जा. रुपयाची आज्ञा मुद्दाम शेवटी आहे, ती वर नेऊन काय होतं ते एकदा पाहा. गेल्या महिन्यात दुकानातल्या मुलाने ‘किलो’ बरोबर लिहायला सुरुवात केली. ती ओळ मी वहीतून काढलेली नाही.